एका अनुस्वाराचं अंतर

११ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. विनंती एकच, आणि तीच विशेष: हे पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवू नका. फोनवर मला बोलायची सोय नाही. तुमच्या दादांना फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं की मधे बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणून हे लिहिणं.

पोचले. खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती तुमच्या दादांसारखीच सन्मानानं निवृत्त झालेली. पलंग, टेबल, आणि दार न लागणारं कपाट. घरमालकिणीनं दार उघडलं तेव्हा माझ्या मागे डोकावून पाहिलं. तिला 'कायद्याची विद्यार्थिनी' येणार असं कळवलं होतं. मी त्या विद्यार्थिनीची आई असावे असा तिचा समज. मी म्हटलं, "विद्यार्थिनी मीच." तिनं किल्ली दिली, पण जिन्याकडे आणखी एकदा बघून.

वर्गात सगळी पोरं वीस-एकवीसची. कुटुंब कायदा शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं राहून ओळख करून द्यायला लावली. मी विमानात घोकलं होतं: मी एक्कावन्न वर्षांची आहे, आणि अठ्ठावीस वर्षांपासून विवाहित. आता इथल्या स्पॅनिश भाषेत विवाहित बाई म्हणजे 'कासादा'. मी उभी राहिले आणि ठणकावून म्हटलं, 'कांसादा'.

वर्गभर खो खो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अठ्ठावीस वर्षं? सलग?"

मी म्हटलं, "हो, सलग."

मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलीनं सांगितलं की कांसादा म्हणजे थकलेली. एका अनुस्वाराचा फरक, वन्सं! तुम्ही असतात तर फळ्यावर लिहून दाखवला असतात. दुसऱ्या तासाला चूक सुधारायला मी हात वर केला. मग खाली घेतला. म्हटलं, चूक नेमकी कुठे आहे?

तुमची,
वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

'मधे' नव्हे, 'मध्ये'. त्याच पत्रात पुढे 'मधल्या' बरोबर लिहितेस, म्हणजे येत नाही असं नाही, लक्ष नाही. मी कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे, कारण मोबाइलवर टाइप केलं की ऱ्हस्वदीर्घाची वाट लागते. तीस वर्षं मराठी शिकवून म्हातारपणी हे पाप नको.

तू तिकडे वर्गाला हसवत बसली आहेस. इकडचं ऐक. पन्नाशीनंतर संध्याकाळच्या कॉलेजात वकिली शिकायचं खूळ काढलंस, आम्ही गप्प बसलो. कॉलेजातून एका सत्रासाठी कुणाला तरी परदेशी पाठवायचं ठरलं आणि स्पॅनिशच्या वर्गाला शेवटपर्यंत टिकलेली तू एकटीच निघालीस. तेव्हाही गप्प बसलो. वयाची अट नियमात नाही हे तूच प्राचार्यांना दाखवलंस म्हणे. नियम वाचणाऱ्या बाईचा संसार कठीण असतो, असं आई म्हणायची.

तुझी लेक नोकरीच्या गावी, त्यामुळे आठ दिवसांसाठी म्हणून मी दादाकडे येऊन राहिले आहे. बिचाऱ्याचे हाल बघवत नाहीत. काल दूध उतू गेलं तेव्हा तो गॅससमोरच उभा होता. मला हाक मारून म्हणाला, "अगं, दूध उतू जातंय." बातमी दिली. मी धावत येईपर्यंत ओटा पांढरा. पण त्याला तरी कसं माहीत असणार, गॅस कुठून बंद होतो ते? अठ्ठावीस वर्षांत तू कधी दाखवलंस का? लाडावून ठेवलंस आणि निघून गेलीस.

आणि 'थकलेली' म्हणे. कामवाली येते, मिक्सर आहे, कुकर आहे. थकायला झालं काय तुला?

मी


६ मार्च

वन्सं,

मध्ये, मध्ये, मध्ये. झालं?

आठ दिवसांच्या बोलीवर आलात त्याला आता पंधरवडा होऊन गेला. मीसुद्धा त्या घरात अशीच आले होते.

इथे काल माझी वरात निघाली. कायद्याच्या विभागाला हे लोक 'देरेचो' म्हणतात. इमारत बदलली होती, म्हणून चौकातल्या पोलिसाला विचारलं, "देरेचो?" तो समोर हात करून म्हणाला, "देरेचो." मला वाटलं, उच्चार तपासतोय. मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच. चार वेळा आम्ही एकमेकांना देरेचो म्हणून घेतलं. शेवटी त्यानं माझे खांदे धरून मला त्या दिशेला वळवलं. ह्यांच्या भाषेत देरेचो म्हणजे कायदा, देरेचो म्हणजे हक्क, आणि देरेचो म्हणजे नाकासमोर सरळ. आपल्याकडे नाकासमोर चालणाऱ्या बाईला हक्काची गरज पडत नाही. इथे दोन्ही एकाच शब्दात. मजाच आहे.

आता महत्त्वाचं. सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा. तीन परीक्षक समोर, आपण एक बाजू घेऊन लढवायची. ती दिली नाही तर इथलं सत्र बाद, आणि तिकडच्या कॉलेजात अख्खं वर्ष बाद. पुन्हा पाठवायला मी काही तरुण होत नाहीये. ही एकच संधी.

विषय मी निवडला: घटस्फोटाच्या वेळी, घर सांभाळणाऱ्या बाईला तिच्या कामाची भरपाई. इथल्या कायद्यात घरकाम हे काम धरतात. वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. सध्या उठता-बसता डोक्यात घटस्फोटच. ह्या विषयाची मला गोडीच लागली आहे. इतकी वर्षं कसं सुचलं नाही कोण जाणे.

ह्यांना गॅसचं बटण दाखवा. उजवीकडे फिरवलं की बंद होतं.

वहिनी


१४ मार्च

आदरणीय वहिनी यांस,

आपण कुशल असाल अशी आशा आहे. कळविण्यास अत्यंत खेद होतो की दादांची प्रकृती गेले काही दिवस ठीक नाही. छातीत कळा येतात. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती घेण्यास सांगितले आहे. त्यांना आपल्या उपस्थितीची नितांत आवश्यकता आहे. तरी आपण अभ्यासक्रम सोडून शक्य तितक्या लवकर परत यावे, ही नम्र विनंती. कृपया फोन करू नये. दादांना ताण सोसत नाही.

आपली,
नणंद


१५ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मी विभागाच्या पायऱ्यांवर वाचलं आणि तिथेच खाली बसले. कशीबशी खोलीवर आले, पलंगाखालून बॅग ओढली, कपडे कोंबले. घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "काय झालं?" मला तिच्या भाषेत एक शब्द आठवेना. तिला दाखवायला म्हणून पत्र पुन्हा उघडलं. आणि मग थांबले.

आदरणीय?

अठ्ठावीस वर्षांत तुम्ही मला 'अगं' म्हणालात, 'ए' म्हणालात, एकदा भर लग्नमंडपात 'ए बावळट' म्हणालात. आदरणीय कधीच नाही. आणि 'आपण यावे'! शिवाय मागच्या पत्रात मी 'गोडी लागली' असलं भलतंच लिहिलं होतं, त्यावर एक टोमणा नाही? तुम्ही?

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे शेजारी बसून सांगत होते आणि तुम्ही लिहीत होतात, हो ना? आणि हे पत्र खरं नाही हे मला कळावं म्हणून तुम्ही मुद्दाम अहो-जाहो घातलंत. ह्यांना तो मान वाटला असेल. वन्सं, काय डोकं आहे तुमचं!

आपल्या घराखाली राहणाऱ्या डॉक्टरांना मी फोन लावू शकले असते. हातात घेतला होता. नाही लावला. म्हटलं, वन्संनी एवढी युक्ती करून सांगितलंय, त्याची खातरजमा करणं म्हणजे त्यांचा अपमान. मी येत नाही. बॅग पुन्हा पलंगाखाली गेली आहे.

तुम्ही माझ्या बाजूच्या आहात, हे मला आजवर कळलं नव्हतं. मीच वाईट.

तुमची,
वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

उत्तर द्यायला उशीर झाला. कागद चारदा फाडला.

तू स्वतःला वकील म्हणवणार असशील तर देव पक्षकारांचं भलं करो. युक्ती कसली न् काय कसली. दादाने मला काहीही सांगितलं नव्हतं. तो शेजारी बसलाही नव्हता, झोपला होता. त्याची छाती शाबूत आहे. ते पत्र मी माझ्या मनाने लिहिलं आणि तू घाबरून परत यावंस म्हणूनच लिहिलं.

अहो-जाहो का? खोटं बोलताना माणूस आपोआप आदरार्थी होतो. रजेचे अर्ज वाचण्यात तीस वर्षं काढली, 'आदरणीय' दिसलं की पोरगं सिनेमाला गेलं होतं हे मी ओळखायची. स्वतःचा अर्ज लिहिताना कळलं नाही.

घटस्फोटाची गोडी लागली असं तू लिहिलंस, आणि मला वाटलं, ही बाई दादाला सोडणार. मला दादाचं वाईट वाटलं असं मी मनाला सांगितलं. खरं सांगू? मला माझं वाईट वाटलं. तू सोडलंस की तो माझ्या गळ्यात. आठ दिवसांसाठी आले होते ना मी! पहाटे त्याचा चहा, मग त्याचं पाणी, मग त्याचा चष्मा शोधायचा, तो त्याच्याच डोक्यावर. शाळेत साठ पोरं सांभाळून मी घरी ताजी यायची. हा एकटा माणूस मला पुरून उरला. तुझ्या त्या भाषेत लग्न न करता थकण्याची सोय आहे का, विचारून ठेव. नवरा जाऊन बारा वर्षं झाली मला, आणि इथे आल्यापासून मी अनुस्वारवाली आहे.

तरी तुझं पत्र नसतं आलं तर मी निभावून नेलं असतं. पण 'खातरजमा करणं म्हणजे अपमान' हे तू लिहिलंस आणि मी जेवणावरून उठले. कुणी शिव्या दिल्या तर मला उत्तर देता येतं. हे काय करायचं?

मग मी दादाला खरं ते सांगून टाकलं. संवाद जसाच्या तसा देते, तुला उपयोगी पडेल.

"दादा, तुझ्या छातीत कळा येतात असं मी वहिनीला खोटंच कळवलं होतं."

"बरं केलंस. कधी येतेय?"

"येत नाही."

"छातीत कळा येत असून येत नाही?"

"कळा येत नाहीयेत, दादा."

"पण ते तिला काय माहीत!"

आणि खरोखर दुखावला गं तो. न आलेल्या कळांसाठी! दिवसभर छातीवर हात ठेवून हिंडला. संध्याकाळी म्हणाला, "लिही तिला. परीक्षा देऊन येणार असेल तर येऊच नको म्हणावं. दार बंद आहे." मी म्हटलं, तू लिही. तर म्हणाला, माझं अक्षर चांगलं नाही. म्हणून कळवते आहे. ह्या वेळी खरोखरच शेजारी बसून सांगितलं आहे, आणि पाहा, एकेरीत आहे.

मी उद्या माझ्या घरी जाते. रागाव, मला चालेल. पण परीक्षा दे.

मी


९ एप्रिल

वन्सं,

रागावले. आठवडाभर रोज नव्यानं रागावले. बस चुकली तरी तुमच्यावर रागावले. बॅगेत मी काय काय कोंबलं ते तुम्ही पाहिलं नाहीत. मी तिकीट काढलं असतं तर वर्ष गेलं असतं, आणि घरी येऊन मी पाहिलं असतं की हे आरामखुर्चीत बसून पेपर वाचताहेत. मग मी काय केलं असतं ते सांगत नाही. फौजदारीचं आम्हाला पुढच्या वर्षी आहे.

बाईंना मी हे सगळं सांगितलं. विचारलं, खोट्या साक्षीदारावर चुकून विश्वास ठेवला आणि निकाल बरोबर लागला, तर काय करायचं? त्या म्हणाल्या, "साक्षीदार पुढे खरं बोलला का?" म्हटलं, चार कागद फाडून. "मग सोडू नकोस त्याला," म्हणाल्या. "असा साक्षीदार मिळत नाही."

म्हणून सोडत नाही तुम्हाला. एवढ्यावर समजून घ्या.

आणि तुमच्या दादांना सोडायचा विचार नव्हता हो माझा. अजून तरी नाही. विषयाची गोडी होती, अंमलबजावणीची नव्हती. ह्यांना निरोप द्या: निरोप पोचला, उत्तर परीक्षेनंतर.

वहिनी


२५ मे

वहिनी,

घरी येऊन दीड महिना झाला, पण दादा माझी पाठ सोडत नाही. रोज दुपारी डबा घेऊन दारात. भरून न्यायला. पहिले काही दिवस भरला. मग एके दिवशी म्हटलं, "पातेलं ओट्यावर आहे, वाढून घे, आणि जेवलास की ताट घासून ठेव." अर्धा तास पातेल्याकडे बघत बसला. वाटलं असेल, पातेलं हाक मारेल. शेवटी वाढून घेतलं. घासलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ताटात वाढून घ्यायला लावलं. तेव्हा घासलं.

त्याने मोठ्या काकांकडे तक्रार केली. काकांचा फोन आला: "तुझी वहिनी बिघडली ती बिघडली, तूही तिच्या नादाला लागलीस?" मी म्हटलं, "काका, तुमचं ताट कोण उचलतं?" म्हणाले, "सून." मी म्हटलं, "तिला फोन द्या." ठेवून दिला.

काल दादाने विचारलं, "परीक्षेत तिला विचारणार काय?" मी विषय सांगितला. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यावर परीक्षा देणार ती?"

म्हटलं, "तू अभ्यासक्रमात नाहीस, दादा. उदाहरणात आहेस."

'येऊच नको' हे मात्र त्याने मागे घेतलेलं नाही. मी विचारून पाहिलं. शब्द म्हणजे शब्द, म्हणतो. चार माणसांत बोलून बसलाय, आता मागे कसा फिरणार? तेव्हा परत येशील ती सरळ माझ्याकडे ये. मागची खोली आवरून ठेवली आहे. त्याला शोधत बसू दे.

मी


२८ जून

वन्सं,

दिली.

तीन परीक्षक. डावीकडे आमच्या बाई, उजवीकडे एक शांत गृहस्थ, मध्ये (पाहा, मध्ये) पांढऱ्या मिशांचे निवृत्त न्यायाधीश. माझी क्रियापदं भूतकाळात जायच्या ऐवजी भविष्यात जात होती. पण मुद्दे एकेक करून टेबलावर ठेवत गेले, तुम्ही पाठवलेल्या उतू गेलेल्या दुधासकट. नाव न घेता, काळजी नसावी.

मिशा म्हणाल्या, "पण बाई, ही पत्नी हे सगळं प्रेमानं करत होती. प्रेमाची भरपाई कशी द्यायची?"

वन्सं, हा प्रश्न मी अठ्ठावीस वर्षं ऐकते आहे. फक्त मराठीत. उत्तर मात्र पहिल्यांदाच द्यायला मिळत होतं, तेही परक्या भाषेत. मी म्हटलं, "साहेब, आपण न्यायदान प्रेमानं करत नव्हता का?"

म्हणाले, "अर्थात. मनापासून."

म्हटलं, "मग पगार परत केलात का?"

बाईंनी मान खाली घालून कागद चाळायला घेतले. उजवीकडचे गृहस्थ खोकले. मिशा म्हणाल्या, "पुढचा मुद्दा." पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पास झाले. पहिली नाही आले. व्याकरणाचे गुण कापले आहेत, तुम्हाला आनंद होईल. वर्ष वाचलं.

बाई म्हणाल्या, आणखी एक सत्र राहा, मी व्यवस्था करते. मोह झाला. इथे कुणी मला पाणी मागत नाही. पण राहिले तर ह्यांच्या 'येऊच नको'ला मी होकार दिला असा अर्थ होतो, आणि असल्या अर्थांवरच तर पुढे निकाल लागतात. मला माझं शेवटचं वर्ष तिकडे पुरं करायचं आहे. सनद तिकडे घ्यायची आहे. त्याच गावात, त्याच घरात, तुमच्या दादांच्या डोळ्यांदेखत. म्हणून येते आहे. बोलावलं असतं तर कदाचित इथे राहायचा विचार केला असता.

तुमची मागची खोली राहू द्या. रागावू नका, तिथे उतरले तर मी घर सोडून आलेली भांडखोर बाई ठरेन. माझं घर आहे, मी माझ्या घरी जाणार. पुढे राहायचं की नाही, आणि राहायचं तर कसं, ते मी आत बसून ठरवीन, दाराबाहेर उभी राहून नाही. ताट ज्याचं त्यानं घासायचं, हे कलम एक. ते मान्य नसेल तर बाकीची कलमं मला तोंडपाठ आहेत. दोन भाषांत.

रविवारी सकाळी पोचते. ह्यांना सांगून ठेवा, लपवून ठेवू नका. बेसावध माणसावर चालून जाणं मला आवडत नाही. दार बंद आहे म्हणतात ना, असू दे. उघडायला त्यांनी उठायचं कारण नाही. निघताना घराची किल्ली मी कुणाच्या हातात दिलेली नव्हती.

तुमची,
वहिनी